डायबेटीसमधलं टेन्शन: इंदूरकरांनी सजगतेचा सराव कसा सुरू करावा

टाइप टू डायबेटीसचं निदान होतं. डॉक्टर गोळी लिहून देतात, पथ्य सांगतात, चालायला सांगतात आणि आपण दाराशी पोचलो की मागून म्हणतात, "आणि टेन्शन घेऊ नका." गोळी कधी घ्यायची ते चिठ्ठीवर असतं. टेन्शन न घेण्यासाठी काय करायचं, ते कुठल्याच चिठ्ठीवर नसतं. हा लेख त्या राहून गेलेल्या ओळीबद्दल आहे. मी स्वतः टाइप टूची पेशंट, सुदामा नगरात राहते, डॉक्टर नाही. जे वाचलं, विचारलं आणि करून पाहिलं ते क्रमाने सांगते.

आधी अपेक्षांचं बोलू. ताण आला की शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं. त्यामुळे यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात सोडतं आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. रस्त्यात बैल अंगावर धावून आला तर ही साखर पळायला कामी येते. मुलाच्या ॲडमिशनच्या काळजीने रात्रभर कूस बदलताना ती वापरणारं कुणी नसतं, ती रक्तात फिरत राहते. हा झाला थेट परिणाम. आडवळणाचा परिणाम मला जास्त मोठा वाटतो: टेन्शनमध्ये आपण चालायला जात नाही, झोप मोडते, गोळी राहून जाते, रात्री साडेदहाला शेवेचा डबा उघडला जातो आणि शुगर तपासायचं आपण टाळतो, कारण आकडा बघायचीच धास्ती असते. सजगतेचा म्हणजे माइंडफुलनेसचा (आत्ता जे चाललंय त्याकडे चांगलं-वाईट न ठरवता लक्ष देण्याचा) खरा उपयोग माझ्या मते याच ठिकाणी आहे. आकड्याकडे न घाबरता बघता आलं, की बाकीचं पथ्यपाणी पुष्कळ सोपं होतं.

ही पद्धत दवाखान्यात आणली जॉन कबात-झिन यांनी, १९७९ साली, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये. आठ आठवड्यांचा त्यांचा अभ्यासक्रम एमबीएसआर (माइंडफुलनेस-बेस्ड स्ट्रेस रिडक्शन) नावाने ओळखला जातो. डायबेटीसच्या पेशंटांवर अशा पद्धतींचे अभ्यास झालेत. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात लोकांचा ताण, चिंता आणि उदासी कमी झाली, पण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरमध्ये म्हणजे एचबीए१सीमध्ये ठळक फरक दिसला नाही. २०२२ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. त्यात ध्यान, योग वगैरे औषधांच्या जोडीने करणाऱ्यांचं एचबीए१सी नुसती औषधं घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ०.८४ टक्के-अंकांनी जास्त उतरलेलं आढळलं, आणि योगाचा वाटा सगळ्यात मोठा होता. मी यातून एवढंच घेते: मन हलकं होण्याची बऱ्यापैकी आशा, आकडा उतरला तर उत्तम, आणि गोळी चालूच.

काय काय जमवून ठेवायचं

- शेवटचा एचबीए१सी रिपोर्ट, किडनीचे रिपोर्ट (क्रिएटिनिन आणि लघवीतलं मायक्रोअल्ब्युमिन), डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीचा कागद
- सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, बीपीच्या गोळीसकट
- ग्लुकोमीटर, मुदतीतल्या स्ट्रिप्स, सुया
- एक साधी वही आणि पेन. मोबाइलमधली ॲप चांगली असतात, पण फोन हातात घेतला की व्हॉट्सॲपही उघडतं
- पाठ टेकता येईल अशी खुर्ची
- हाताशी ग्लुकोज पावडर किंवा साखर

शेवटची गोष्ट डायबेटीसवाल्याला कशाला, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. पुढे वाचा.

१. बसण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा

पहिली: माझ्या औषधाने शुगर एकदम खाली जाऊ शकते का? इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्यांनी जाऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने ते क्वचितच होतं. दुसरी: डोळ्यांच्या पडद्यावर काही बदल आहेत का? असतील तर डोकं खाली करायची आसनं, श्वास रोखून धरणं आणि जोराची कपालभाती डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायची नाही. तिसरी: पायांची संवेदना तपासली आहे का? आणि चौथी: बीपीची गोळी बीटा-ब्लॉकर गटातली आहे का? या गटातल्या गोळ्यांनी शुगर खाली गेल्यावर होणारी धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम मात्र येतो, तेवढी खूण लक्षात ठेवा.

डॉक्टरांकडे वेळ कमी असतो. प्रश्न कागदावर लिहूनच न्या.

२. आपलं टेन्शन नेमकं कसलं, ते ओळखा

सगळ्या टेन्शनला एकच नाव दिलं की उपाय सापडत नाही. घरातलं, नोकरीतलं, पैशाचं टेन्शन वेगळं आणि डायबेटीसनेच दिलेलं टेन्शन वेगळं. दुसऱ्याला डॉक्टरी भाषेत 'डायबेटीस डिस्ट्रेस' म्हणतात. रोज आकडे, रोज पथ्य, पुढे डोळे जातील का, पाय जाईल का ही भीती, आणि वर घरच्यांची पहारेदारी. इंदूरला तर दुहेरी पंचाईत. एकाच लग्नात एक काकू म्हणते, "अगं, एका जिलबीने काय होतंय?" आणि दुसरी काकू सगळ्यांदेखत म्हणते, "तुला चालते का गं जिलबी?" दोन्ही प्रश्नांनी शुगर वाढत असावी अशी माझी पक्की शंका आहे.

हे मोजायला 'पेड' (PAID) नावाची २० प्रश्नांची प्रश्नावली आहे. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, बेरजेला १.२५ ने गुणायचं, म्हणजे शंभरपैकी आकडा मिळतो. तो ४० किंवा त्याच्या वर असला तर ओझं बरंच आहे असं समजून डॉक्टरांशी बोलावं. प्रश्नावली मिळाली नाही तरी आठवडाभर रोज रात्री वहीत एक ओळ लिहा: आज डायबेटीसबद्दल सगळ्यात जास्त कशाने त्रास झाला? आठवड्याने ओळी वाचा. बहुतेक वेळा एकच गोष्ट वेगवेगळ्या कपड्यांत येऊन गेलेली दिसते.

रोज उदास वाटतंय, कशातच रस नाही, झोप आणि भूक दोन्ही बिघडलेत, आणि हे दोन आठवडे चाललंय, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर श्वास मोजत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, फोन फुकट आहे आणि हिंदीत बोलता येतं. जगणंच नको वाटत असेल तर तो नंबर आत्ता लावा, घरातल्या एका माणसाला लगेच सांगा.

३. रोज दहा मिनिटं श्वासाबरोबर

खुर्चीत बसा, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, पाठ ताठ पण ताठरलेली नको. मांडी घालायचा हट्ट नको, गुडघे दुखत असतील तर सगळं ध्यान गुडघ्यातच जातं. डोळे मिटा किंवा नजर समोर जमिनीवर टेकवा. श्वास लांब करायचा नाही, रोखायचा नाही, मोजलाच पाहिजे असंही नाही. तो नाकाशी जाणवतो, छातीत की पोटात, तेवढं बघा. मन भाजीच्या पिशवीकडे जाईल, ऑफिसात जाईल, सुनेने काल काय म्हटलं तिथे जाईल. गेलं हे कळलं की परत श्वासावर या. हे परत येणं हाच व्यायाम आहे. मन शंभरदा गेलं आणि शंभरदा परत आणलं, तर त्या दिवशी शंभरदा व्यायाम झाला.

सकाळी बसत असाल तर एक गोष्ट सांभाळा. जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन "आता जरा ध्यान करते, मग नाश्ता" असं करू नका. आधी बसा, मग औषध, मग डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेत खाणं. बसल्यावर हात थरथरायला लागले, घाम फुटला, छाती धडधडली, तर ती 'मनातली भीती वर येतेय' असं समजून बसून राहू नका. घाबरगुंडी आणि खाली गेलेली शुगर बाहेरून सारखीच दिसतात. ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे सपाट भरलेले तीन-चार चहाचे चमचे, पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा आणि अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढंच घ्या. मीटर हाताशी नसेल तर आधी साखर. एखादा माणूस गुंगीत असेल, गिळू शकत नसेल, तर त्याच्या तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या.

४. अंगभर लक्ष फिरवणं

याला बॉडी स्कॅन म्हणतात. आडवं पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका भागाकडे लक्ष न्यायचं. मूळ अभ्यासक्रमात हे ४५ मिनिटं चालतं, तुम्ही १५ पासून सुरू करा. झोप लागली तर लागू दे. कमी झोपेनेही इन्सुलिनचा प्रभाव घटतो, म्हणजे तेही वाया गेलं नाही.

आपल्यासाठी यात एक जादा फायदा आहे. पायांकडे लक्ष गेलं की तिथे मुंग्या आहेत का, जळजळ आहे का, की काहीच जाणवत नाही, हे कळतं. काहीच न जाणवणं ही शांतता नव्हे, ती डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे. आणि जाणवो न जाणवो, झाल्यावर उठून तळपाय आणि बोटांच्या बेचक्या डोळ्यांनी बघा. वाकता येत नसेल तर आरसा ठेवा.

चालताना करायचा सरावही छान असतो: सावकाश पावलं, टाच टेकली, चवडा टेकला याकडे लक्ष. नेहरू पार्क आहे, विजय नगरकडे मेघदूत आहे, सिरपूर तलावाचा काठ आहे. फक्त सकाळी गवतावर अनवाणी चालायचा जो सल्ला सगळे देतात, तो डायबेटीसवाल्याने मानू नये. पायाची संवेदना कमी झाली असेल तर काच टोचलेली कळत नाही. शहराला स्वच्छतेचे कितीही पुरस्कार मिळोत, बूट घालूनच चाला.

५. ग्लुकोमीटरसमोर एक मिनिट

माझ्यासाठी हा सगळ्यात उपयोगाचा भाग ठरला, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

मीटर काढताना आपण परीक्षेचा निकाल उघडत असतो. १३० आले तर पास, २१० आले तर नापास, आणि नापास झालं की दोनच वाटा: दिवसभर स्वतःला बोल लावणं किंवा "जाऊ दे, आज बिघडलंच आहे" म्हणून आणखी खाणं. तिसरी वाट शिकायची आहे. ती अशी:

हात साबणाने धुवा आणि पुसा. जिलबीचा पाक किंवा फळाचा रस बोटाला असला तर आकडा खोटाच वर दिसतो. सुई बोटाच्या कडेला लावा, मधोमध जास्त दुखतं. टोचण्याआधी तीन श्वास, घाई न करता. मग मनात विचारा, "किती येईल असं वाटतंय?" अंदाज वहीत लिहा. मग टोचा. आकडा दिसला की लगेच कारण शोधू नका. आधी अंगात काय झालं ते बघा. पोटात खड्डा पडला? जबडा आवळला? राग आला? त्याला एका शब्दात नाव द्या: भीती, राग, लाज, हायसं. मग आकडा लिहा, आणि शेवटी संदर्भ: काय खाल्लं, किती वाजता, किती झोप झाली, ताण ० ते १० मध्ये किती.

आकड्याचा अर्थ लावताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. घरगुती मीटरच्या जागतिक मानकात १०० च्या वरच्या आकड्याला १५ टक्के इकडे-तिकडे चालतं. म्हणजे काल १४२ आणि आज १५५ यात रडण्यासारखं काही नाही, तो एकच आकडा असू शकतो. आणि सकाळची शुगर रात्रीपेक्षा जास्त आली तर ती दर वेळी टेन्शनची किंवा चोरून खाल्ल्याची नसते. पहाटे शरीर स्वतःच काही हार्मोन सोडतं आणि काही न खाता शुगर चढते. 'तुम्ही टेन्शन घेता म्हणून वाढते' असं घरच्यांनी म्हटलं तर त्यांना हे ऐकवा. आजाराचं खापर मनावर फोडणं हे टेन्शन वाढवायचा उत्तम मार्ग आहे.

उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, हे बऱ्याच लोकांसाठीचं उद्दिष्ट. वय, हृदयविकार, शुगर खाली जायची भीती यानुसार डॉक्टर ते सैल करतात, तुमचं उद्दिष्ट त्यांनाच विचारा.

आणि भांडण झालं की तपास, फोन आला की तपास, असं करू नका. स्ट्रिप्स संपतात आणि धास्ती वाढते. आठवड्यातून दोन-तीन दिवस एका ठरावीक जेवणाआधी आणि दोन तासांनी, अशा जोड्या घेतल्या तर त्यातून शिकता येतं. इन्सुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तितक्या वेळा.

६. पोहे, शेव आणि सराफा

एमबीएसआरच्या पहिल्या वर्गात प्रत्येकाला एक मनुका देतात आणि ती बघत, हुंगत, सावकाश खायला लावतात. इंदुरात यासाठी मनुका कशाला? चार शेंगदाणे घ्या. साखरेचीही चिंता नाही.

खरी परीक्षा रविवारी सकाळी, समोर वाफाळते पोहे, त्यावर शेव आणि जीरावन, शेजारी जिलबी. सावकाश, मन लावून खाल्लं म्हणून जिलबीतली साखर कमी होत नाही, हे आधी स्पष्ट करते, कारण 'माइंडफुल खाल्लं तर चालतं' असा गोड गैरसमज मी ऐकलेला आहे. सजगतेने एवढंच होतं की पहिल्या चार घासांत चव सगळ्यात जास्त लागते आणि पुढचे सवयीचे असतात, हे आपल्यालाच कळतं. मग अर्धी प्लेट पोहे, जास्त कांदा, सोबत मोड आलेल्या मटकीची उसळ, आणि जिलबी नाही, हा निर्णय घेताना शिक्षा झाल्यासारखं वाटत नाही.

खाण्याआधी एक प्रश्न: भूक पोटात आहे की डोक्यात? पोटातली हळूहळू वाढते आणि पोळी-भाजीवरही भागते. डोक्यातली एकदम येते आणि तिला शेवच हवी असते. डोक्यातली असेल तर दहा मिनिटं थांबा, पाणी प्या, गच्चीवर एक चक्कर मारा. मग हवीच असेल तर वाटीत काढून खा, डब्यातून नको. पण गोळी किंवा इन्सुलिनने शुगर खाली जात असेल तर हे थांबणं तुमच्यासाठी नाही. अचानक लागलेली कडकडीत भूक ही तिथे धोक्याची खूण असते, आधी तपासा.

सराफ्याला, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजाराला, जाऊच नका असं मी म्हणणार नाही, पाहुणे आले की जावंच लागतं. घरून जेवून जा. तिथे गराडू, साबुदाणा खिचडी, मालपुवा, सगळं पिष्ट आणि तळण किंवा पाक. भुट्ट्याचा कीस चार जणांत एक घ्या. रात्री उशिराचं खाणं सकाळच्या आकड्यात दिसतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी मीटरसमोरच्या तीन श्वासांची जास्त गरज पडेल.

७. शिबिराला जायचंय? हे वाचून जा

गोम्मटगिरीजवळ जांबुडी हप्सीला 'धम्म मालवा' हे विपश्यना केंद्र आहे. दहा दिवसांचं शिबिर, फी नाही, मौन. उत्साहात लोक पहिलं पाऊल म्हणून तिथेच जातात. आपल्यासाठी अडचण वेळापत्रकाची आहे: पहाटे चारला उठणं, दुपारच्या जेवणानंतर नव्या साधकांना संध्याकाळी फक्त चहा आणि फळं. रात्रीच्या जेवणाच्या हिशोबाने इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर शुगर रात्री खाली जाऊ शकते. अर्जात डायबेटीस आणि सगळी औषधं लिहा, लपवू नका. आपल्या डॉक्टरांना वेळापत्रक दाखवून डोस विचारा आणि केंद्राशी खाण्याबद्दल आधीच बोला. कधी मोठा मानसिक आजार झालेला असेल तर तेही सांगा. तीव्र ध्यान सगळ्यांना मानवत नाही.

'पंधरा दिवसांत गोळी बंद' म्हणणाऱ्या कुठल्याही शिबिराला, चूर्णाला आणि व्हिडिओला लांबून नमस्कार.

सोबत मात्र शोधा. इंदुरात मराठी मंडळी कमी नाहीत. 'सानंद' या मराठी संस्थेच्या कार्यक्रमाला भेटणाऱ्या दोन मैत्रिणी किंवा कॉलनीतले तिघेजण मिळून सकाळी बूट घालून चालले आणि शेवटी बाकावर दहा मिनिटं गप्प बसले, तरी तो वर्गच झाला. गप्प बसणं आपल्याला अवघड जातं, पण जमतं.

८. आठ आठवड्यांनी काय बघायचं

पहिल्या दोन आठवड्यांत फक्त श्वास. तिसऱ्यापासून बॉडी स्कॅन एक दिवसाआड. मीटरसमोरचं मिनिट पहिल्या दिवसापासून. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसायचं नाही, नेहमीइतकंच.

एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे आठ आठवड्यांनी ते करून घाई करू नका, डॉक्टरांच्या वेळापत्रकाने करा. त्याआधी वहीत या गोष्टी शोधा: तपासणी टाळलेले दिवस कमी झाले का, राहिलेल्या गोळ्या कमी झाल्या का, झोप किती, ताणाचे आकडे कुठे, आणि अंदाज व खरा आकडा जवळ येतायत का.

शुगर खरंच उतरायला लागली तर ती आनंदाची बातमी आहे आणि डोस बदलण्याची वेळही असू शकते. वारंवार ७० च्या आसपास येत असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. डोस स्वतः कमी करू नका.

डॉक्टरांकडे जाताना पूर्ण वही पुढे करू नका, कुणी वाचणार नाही. एका पानावर काढा: उपाशीपोटीचे आकडे, जेवणाच्या जोड्या, ७० च्या खाली गेलेले दिवस आणि वेळ, सगळ्यात जास्त ताणाचे दोन प्रसंग आणि त्या दिवशीची शुगर. खाली तुमचा एकच प्रश्न, मोठ्या अक्षरात.